चकल्या करण्यात आल्या

आमच्या वस्तीच्या नावातच इंग्रजी व्याकरण आहे. लोअर परळ. 'लो' म्हणजे सखल, आणि 'लोअर' म्हणजे अधिक सखल. कशाहून अधिक, तर परळाहून. शाळेत आम्ही जिला 'कंपॅरेटिव्ह डिग्री' म्हणून घोकले, ती रेल्वेने स्टेशनाच्या पाटीवर कायमची लटकावून ठेवली आहे. मराठीला ही सोय नाही. मराठी माणूस 'उंच' या शब्दाला शेपूट जोडून त्याची उंची वाढवीत नाही. तो 'त्याच्याहून उंच' असे चार शब्द खर्चून सांगतो. संस्कृताचा 'तर' आपण 'उच्चतर', 'लघुतर' अशा बड्या शब्दांबरोबर उसना आणला खरा, पण दिवाळीत ताटावर बसलेले कोणते पोर 'मला मोठातर लाडू दे' असे म्हणाल्याचे मी अजून ऐकलेले नाही. कोकणात गावोगाव खालची वाडी असते. कशाहून खालची, असे कुणी विचारीत नाही. पाणी जिकडे वाहत जाते ती खालची, एवढेच.

अलीकडे जागा विकणाऱ्या मंडळींना हे 'लोअर' सलू लागले आहे. कोट्यवधी रुपये मोजून 'खालच्या' ठिकाणी राहायला कोण येणार? म्हणून त्यांनी आमच्या वस्तीचे नाव परभारे 'अपर वरळी' करून टाकले. म्हणजे आम्ही निजलो परळच्या खाली आणि उठलो वरळीच्या वर! यात आणखी एक गंमत आहे. मराठीत 'अपर' म्हणजे दुसरा, जादा. 'अपर जिल्हाधिकारी' म्हणतो त्यातला. तेव्हा मराठी डोळ्यांनी वाचले तर ही जादाची वरळी होते. पाटी लावणाऱ्यांच्या हे ध्यानात आले नसावे.

मी काही व्याकरणाचा पंडित नव्हे. माझे स्वतःचे शिक्षण जुन्या भाषेत मॅट्रिक, आजच्या भाषेत दहावी. पुढे शाळेत राहिलो तो शिकवण्यासाठी. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतही पात्रांनी जे बोलावे ते बोलू दिले. पण मुलांच्या वह्या तपासता तपासता आणि चाळीच्या कठड्याला टेकून माणसांचे बोलणे ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली आहे. भाषेत इंग्रजी शिरल्याची तक्रार जो तो करतो. मात्र ती तक्रार असते शब्दांची. 'टेबल' का म्हणता, 'मेज' म्हणा, असे सांगणाऱ्याला हे कळत नाही की मेजही आपले नव्हे, ते फारशीतून आले. शब्द हा पाहुणा. ओटीवर बसेल, चहा पिईल, राहिलाच तर घरचा होऊन राहील. पण घरात शिरून जो आपली चूल उचलून दुसऱ्या कोपऱ्यात मांडतो, त्याच्याकडे कुणाचेच लक्ष नसते. वाक्याची मांडणी म्हणजे ती चूल.

शब्दांच्या बाबतीत आमच्या गिरणीवाल्यांसारखे पचनशक्तीचे लोक मी पाहिले नाहीत. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीहून आलेल्या त्या माणसांपैकी बहुतेकांना इंग्रजीचे अक्षर येत नव्हते. त्यांच्या कानांवर मिल आली, मस्टर आले, जॉबर आला, बॉयलर आला. त्यांनी त्या प्रत्येकाला लिंग दिले, वचन दिले आणि सामान्यरूपाच्या साच्यातून काढले. 'मिल' त्यांनी बाई ठरवली आणि 'मिलीत' कामाला जाऊ लागले. मस्टर नपुंसकलिंगी झाले आणि 'मस्टरावर' नाव चढू लागले. स्टेशनावर, टेबलावर, कोर्टात, बँकेत ही सारी रूपे त्याच घडणीची. मराठी प्रत्यय लागायचा तर आधी शब्दाने थोडे वाकावे लागते. तसे ते वाकले.

आता त्याच जागेकडे या. फिनिक्स मिलीच्या आवारात आज मॉल उभा आहे. माझे विद्यार्थी 'मॉलमध्ये' जातात. 'मॉलात' कुणी जात नाही. 'ऑफिसमध्ये', 'लिफ्टमध्ये', 'मेट्रोमध्ये'. शब्द जसाच्या तसा ताठ उभा, आणि त्याच्या अंगाला हात न लावता बाहेरून 'मध्ये' चिकटवलेला. मिलीत आणि मॉलमध्ये, या दोन रूपांत एका पिढीचे अंतर आहे. गिरणी कामगाराने इंग्रजी शब्द कानाने घेतला, म्हणून त्याला तो मोडण्याचे भय वाटले नाही. आम्ही तो डोळ्याने, पाटीवर वाचून घेतला. वाचलेला शब्द मोडताना आमचा हात थरथरतो. शेजारच्या खोलीतल्या आजी मात्र अजून बिनदिक्कत 'मॉलात' म्हणतात, आणि 'तो अमका टावरात ऱ्हायला गेला' असे सांगतात. त्यांच्या तोंडी मॉलाचासुद्धा रुबाब उतरतो.

चूल सरकण्याची सुरुवात मात्र आजची नाही. मराठीचे एक छापील व्याकरण विल्यम कॅरी या मिशनऱ्याने 1805 साली श्रीरामपुराहून काढले, तेही इंग्रजीत. मराठी माणसाने मराठीत लिहिलेले नामांकित व्याकरण दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे, 1836 सालचे. दादोबा मुंबईचेच; तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस. त्यांच्यापुढे नमुना होता लिंडली मरे याच्या इंग्रजी व्याकरणाचा, आणि इंग्रजी व्याकरणाचा सांगाडा त्या काळी लॅटिनवरून बेतलेला असे. म्हणजे लॅटिनच्या मापाने शिवलेला अंगरखा इंग्रजीने घातला आणि मग तोच आपल्या अंगावर उतरला. कुठे सैल झाला, कुठे काखेत आवळला. तरी उघडे राहण्यापेक्षा तो बरा होता, आणि त्याबद्दल दादोबांचे ऋण मानावेच लागेल. पुढे 1911 साली मोरो केशव दामल्यांनी आपला भलाथोरला ग्रंथ लिहून त्याची पुष्कळशी शिवण उसवून नीट केली.

विरामचिन्हेही तिकडचीच. जुन्या मोडी पत्रात स्वल्पविराम शोधून सापडणार नाही; वाचणाऱ्याने आपल्या श्वासाने वाक्य तोडायचे. ही चिन्हे मराठीत रुळवण्याचे श्रेय मेजर कँडीसाहेबांकडे जाते. या उपकाराबद्दल मी तरी कुरकुर करणार नाही. स्वल्पविराम नसता तर माझ्या कादंबऱ्या वाचकांनी आहेत त्याहूनही अर्ध्यावर टाकल्या असत्या.

1874 साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली तेव्हा पहिलाच विषय घेतला तो मराठी भाषेच्या तेव्हाच्या स्थितीचा. म्हणजे ही काळजी दीडशे वर्षांची जुनी आहे. आणि भाषा अजून चालते आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी तिला केंद्र सरकारने अभिजात असा दर्जाही दिला. तेव्हा मराठी बुडाली हो, म्हणून ऊर बडवण्याचा माझा विचार नाही. 'निर्णय घेणे', 'भाग घेणे' हे इंग्रजीच्या 'टेक'वरून आले आणि रुळले. 'एखाद्या विषयावर प्रकाश टाकणे' हेही तसेच. 'जगातील सर्वोत्तम शहरांपैकी एक' असे वर्तमानपत्र लिहिते, तेव्हा मला इंग्रजी वाक्याची इस्त्री दिसते, पण अंगाला टोचत नाही. फक्त नरकचतुर्दशीच्या पहाटे शेजारची सून मुलाला 'बाथ घेतलास का?' असे विचारते आणि तो 'आंघोळ घेतली' म्हणतो, तेव्हा मी मनात म्हणतो, घेतलीस कुठून बाबा? आमच्या वेळी आई आम्हांला धरून न्हाऊ घालीत असे. घेण्याचा प्रश्नच नव्हता.

ज्या ठिकाणी टोचते ते सांगतो.

शालेय व्याकरणाच्या पुस्तकात प्रयोगांच्या धड्याशेवटी एक वाक्य हमखास असते: 'रावण रामाकडून मारला गेला.' याला 'नवीन कर्मणी' म्हणतात. नवीन अशासाठी, की इंग्रजीच्या 'पॅसिव्ह व्हॉइस'च्या धर्तीवर तो मराठीत आला. आता जुना कर्मणी पाहा: 'रामाने रावण मारला.' क्रियापद रावणाच्या तालावर चालते, पण राम आपल्या जागी, वाक्याच्या तोंडाशी, धनुष्य घेऊन उभा आहे. 'आईने चकल्या केल्या.' क्रियापद चकल्यांचे ऐकते, चकल्या स्त्रीलिंगी म्हणून 'केल्या', अनेक म्हणून 'केल्या'. पण आईला कुणी स्वयंपाकघरातून हलवलेले नाही. केवढी उदार सोय आहे ही! जिच्यावर क्रिया घडली तिला मान, आणि जिने केली तिचेही नाव शाबूत.

नव्या प्रयोगात रामाच्या अंगावर 'कडून' पडते आणि तो मागे ढकलला जातो. पुढच्या पायरीला त्याला गाळताच येते. 'रावण मारला गेला.' आणखी एक पायरी, म्हणजे कचेरीची: 'रावणास मारण्यात आले.' आता राम नाहीच. अयोध्येला चौकशी केली तरी थांगपत्ता लागायचा नाही. गेल्या वर्षी सहावीच्या वर्गात मी दिवाळीवर दहा ओळी लिहायला सांगितल्या, तर एका हुशार मुलीने लिहिले, 'आमच्या घरी चकल्या करण्यात आल्या.' मी विचारले, "अगं, कोणी केल्या?" ती म्हणाली, "आईनेच." "मग आईचं नाव का नाही लिहिलंस?" तिने निरागसपणे सांगितले, "सर, असं लिहिलं की छान वाटतं. पेपरात असतं तसं."

वर्ग हसला, मीही हसलो. पण त्याच महिन्यात आजींचे पत्र आले आणि हसू थोडे मावळले.

आजींचे यजमान इथल्याच एका गिरणीत साच्यांवर होते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, त्यांतले एक. मी तेव्हा पाळण्यात होतो. ऐकले ते वडिलांकडून आणि आजींकडून. पुढे गिरण्यांच्या जमिनींचे काय करायचे याचे नियम झाले. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने त्या जमिनींचे तीन वाटे सांगितले: एक मोकळ्या जागेसाठी, एक घरांसाठी, एक मालकासाठी. 2001 मध्ये त्या नियमात दुरुस्ती 'करण्यात आली', आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती राहिली. कामगारांच्या घरांसाठी अर्ज मागवले गेले तेव्हा आजींनीही यजमानांचा पास आणि पगाराच्या दोन पिवळ्या चिठ्ठ्या जोडून अर्ज केला होता. बऱ्याच वर्षांनी उत्तर आले. कोणत्या कचेरीतून, ते सोडून देऊ. मजकूर असा होता: 'आपल्याद्वारे सादर करण्यात आलेला अर्ज आवश्यक कागदपत्रांच्या अभावी अपात्र ठरविण्यात आलेला आहे.'

मी वाचून दाखवले. आजींनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "मास्तर, कुणी ठरवलं?"

मी पत्र पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिले. ठरवणारा त्यात नव्हता. कर्ता म्हणून त्या सबंध वाक्यात एकच माणूस होता, आणि तो म्हणजे आजी. त्यांनाही 'आपल्याद्वारे' करून दाराशी उभे केलेले. खाली सही होती, ती 'करिता' कुणीतरी केलेली.

इथे एक कबूल केले पाहिजे, नाहीतर इंग्रजीवर अन्याय होईल. कर्ता लपवण्याची विद्या मराठीला इंग्रजीने शिकवली असे नाही. हातून कप पडला तर आपण 'कप फुटला' म्हणतो, जणू कपाला तशी बुद्धी झाली. 'गिरण्या बंद पडल्या' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. पडल्या? पाऊस पडतो, भिंत पडते. पण या 'पडण्यात' निदान माणसाचा सुस्कारा आहे. ज्याचे नुकसान झाले तोच असे बोलतो. 'बंद करण्यात आल्या' हे ज्याने बंद केल्या त्याचे वाक्य आहे. दोन्हींत कर्ता नाही, पण दोन्हींचे तोंड एका बाजूला नाही.

तसाच फरक दुसऱ्याचे बोलणे सांगण्यात आहे. इंग्रजीच्या तासाला 'डायरेक्ट'चे 'इनडायरेक्ट' करताना मुले घामाघूम होतात: 'मी'चा 'तो' करा, 'उद्या'चा 'दुसऱ्या दिवशी' करा. मराठीत हा उपद्व्याप नव्हता. "'मी आता मिलीत पाऊल टाकणार नाही' असं म्हणाले आणि कोट खुंटीला लावला," असे आजी सांगतात, तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीचा तो माणूस स्वतःच्या 'मी'सकट बोलतो. आजींचा नातू हीच गोष्ट आपल्या मित्राला सांगतो, "आजोबा म्हणाले की ते आता मिलमध्ये जाणार नाहीत." माहिती तीच, आवाज गेला. 'असे' शेवटी ठेवून आधीचे सगळे बोलणे जसेच्या तसे हवाली करण्याची आपली जुनी रीत आहे. हा 'की' फारशीचा, असे जाणकार म्हणतात. तो शेकडो वर्षांपूर्वी आला आणि आता घरचाच झाला आहे, मीही याच लेखात तो वापरला आहे. पण 'की'च्या मागोमाग इंग्रजीने सर्वनामेही बदलायला लावली, ते मला रुचत नाही. 'राम श्यामला म्हणाला की त्याचे पैसे हरवले.' कुणाचे? या एका वाक्यावरून माझ्या वर्गात एकदा मारामारी झाली आहे.

आणि 'आम्ही'. इंग्रजीचा 'वुई' म्हणजे एकच मोठी पिशवी. त्यात कोण आहे, कोण नाही, हे बाहेरून कळत नाही. आपल्याकडे दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला धरून ते 'आपण', त्याला वगळून ते 'आम्ही'. एवढा बारीक विवेक असलेल्या भाषेत मध्यंतरी आमच्या चाळीच्या पुनर्बांधणीचे एक गुळगुळीत पत्रक आले. मूळ इंग्रजीवरून मराठी केलेले उघड दिसत होते. त्यात ठळक अक्षरांत लिहिले होते, 'आम्ही सर्व मिळून उद्याचे घर उभारू.' इंग्रजीत ते वाक्य सर्वांना कवेत घेणारे असेल. तळमजल्यावरचे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांनी कधी व्याकरणाचे पुस्तक उघडलेले नाही, चष्मा वर करून म्हणाले, "आम्ही म्हणजे ते. आपण यात कुठं आहोत?" पुढच्या सभेत त्यांनी हाच प्रश्न विचारला. पत्रक घेऊन आलेला तरुण घाईघाईने म्हणाला, "काका, ती भाषांतराची चूक आहे." "असेल," काका म्हणाले, "पण करारनाम्याचं भाषांतर कोण करणार आहे?" करारनामा मराठीत, वकिलाकडून तपासून, प्रत्येक खोलीला एक प्रत, असा ठराव त्याच सभेत झाला. भाषेच्या एका सर्वनामाने एवढे काम केल्याचे माझ्या पाहण्यात दुसरे उदाहरण नाही.

हे सगळे एकाच दिशेने चालले आहे असे मात्र समजू नका. इंग्रजीला वाटत असेल, मी यांची चूल हलवली. पण इथल्या गल्ल्यांतून तिचीही चूल हलली आहे. आजींचा तो नातू मॉलात कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर इंग्रजी बोलावे लागते. तो म्हणतो, 'टुडे ओन्ली इट केम.' साहेबाला हे वाक्य कळणार नाही. तुम्हांआम्हांला लगेच कळते, कारण तो 'ओन्ली' नव्हेच, तो आपला 'च' आहे: 'आजच आले.' 'कम ना' मधला 'ना' आपला. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हेही असेच, साहेबाच्या कानाला खटकणारे आणि आपल्या कानाला न जाणवणारे. मराठीतून भाषांतर करून इंग्रजी शिकवणारी तर्खडकरांची पाठमाला पिढ्यान् पिढ्या चालली, पण माणसाची पहिली भाषा कोणत्याच पाठमालेला पुरती दाद देत नाही. मी त्याला कधी सुधारीत नाही. गिऱ्हाईक शर्ट घेऊन जाते, तेव्हा अर्थ पोचला म्हणायचा.

आजींच्या पत्राला उत्तर लिहायचे ठरले तेव्हा मी मराठीतून मसुदा केला: 'माझा अर्ज कोणी, कोणत्या तारखेस, कोणते कागद पाहून नाकारला, ते कृपा करून कळवावे.' नातू म्हणाला, "सर, इंग्रजीत ईमेल टाकू या. लवकर बघतात." त्याने आपल्या इंग्रजीत तो टाकला. सबंध ईमेलमध्ये एकही 'बीन' नव्हता. 'हू रिजेक्टेड, दॅट पर्सन नेम ओन्ली प्लीज टेल,' असे सरळ विचारलेले. वाचून मला त्याचा अभिमान वाटला.

तीन आठवड्यांनी एका ओळीचे उत्तर आले: 'युअर ग्रीव्हन्स हॅज बीन नोटेड.'

"काय म्हणतात?" आजींनी विचारले.

"नोंद घेतली म्हणे," नातू म्हणाला.

"कुणी?"

"ते लिहिलेलं नाही."

आजींनी पास आणि दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली. भाऊबीज झाली की पहिल्या सोमवारी आम्ही तिघे त्या कचेरीत जाणार आहोत. आजी म्हणतात, सकाळी लवकर निघू, म्हणजे साहेब जागेवर सापडेल.